पेर लाशेझला जाताय? पॅरिसच्या जुन्या दफनभूमीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेर लाशेझ हे नेमकं काय आणि कुठे?

पॅरिसच्या पूर्वेकडे, विसाव्या विभागात, एका टेकडीच्या उतारावर पसरलेली शहराची दफनभूमी. क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर, म्हणजे जवळपास चार शिवाजी पार्क. सुमारे ७० हजार थडगी, ९७ विभाग, फरसबंद रस्ते आणि हजारो झाडं. रस्त्यांना नावं आहेत आणि कोपऱ्यांवर पाट्याही आहेत. थडगी म्हणजे नुसत्या जमिनीवरच्या फरशा नव्हेत. दार-खिडक्या असलेली, आत एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी दगडी देवळंच रांगेने उभी आहेत. वर्षाला तीस लाखांहून जास्त लोक इथे येतात, आणि त्याच वेळी अंत्यसंस्कारही चालू असतात. ही दुसरी गोष्ट पर्यटक सहज विसरतात.

पॅरिसमध्ये पाहण्यासारखं इतकं असताना दफनभूमीत कशाला जायचं?

चार दिवसांचीच सहल असेल तर नका जाऊ. लूव्र आणि नदीकाठ आधी. पण पाचवा दिवस हातात असेल, किंवा दुसऱ्यांदा पॅरिसला चालला असाल, तर अर्धा दिवस इथे द्या. पॅरिसने कोणाला जवळ केलं आणि कोणाला गोळ्या घातल्या हे इथे एका उतारावर वाचायला मिळतं. आणि तीन कबरी अशा आहेत की त्या आपल्याकडच्या माणसाला जितक्या कळतील तितक्या फ्रेंच माणसालाही कळणार नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर आहे. खरं तर हे सगळं लिहायचं कारण त्याच कबरी.

एवढी मोठी दफनभूमी भर शहरात कशी?

सुरू झाली तेव्हा ती शहराबाहेर होती. त्याआधी पॅरिसचे मृतदेह शहरातच, चर्चच्या आवारात पुरत. लेझ इनोसाँ नावाच्या मध्यवर्ती दफनभूमीत शतकानुशतकं इतके देह पुरले गेले की १७८० मध्ये शेजारच्या घराच्या तळघराची भिंत सामूहिक खड्ड्याच्या भाराने कोसळली. ती दफनभूमी बंद झाली आणि तिथली हाडं १७८६ पासून जुन्या दगडखाणींमध्ये हलवली गेली. पर्यटक रांग लावून पाहतात ती ‘कॅटाकोम’ म्हणजे याच खाणी.

मग नेपोलियनच्या काळात शहराबाहेर नव्या दफनभूमी काढायचं ठरलं. ही टेकडी पूर्वी जेझुइट पाद्र्यांची होती. चौदाव्या लुईचे पापनिवेदन ऐकणारे फादर फ्रान्स्वा द ला शेझ तिथे राहत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. आराखडा वास्तुविशारद ब्राँन्यारचा. २१ मे १८०४ रोजी दफनभूमी उघडली आणि पहिलं दफन झालं पाच वर्षांच्या एका मुलीचं. पण लोकांना जागा पसंत पडेना. गावाबाहेर, गरीब वस्तीकडे कोण जाणार? पहिल्या वर्षी जेमतेम तेरा कबरी झाल्या.

तेव्हा नगरपालिकेने एक युक्ती केली. १८१७ मध्ये नाटककार मोलिएर, बोधकथाकार ला फाँतेन आणि बाराव्या शतकातलं प्रेमी युगुल आबेलार व एलोईज यांचे अवशेष समारंभाने इथे आणले. मोलिएरची म्हणून आणलेली हाडं खरंच त्याचीच का, यावर अभ्यासकांना आजही शंका आहे. उपयोग मात्र झाला. बड्या घरांना त्यांच्या शेजारी जागा हवीशी वाटू लागली आणि १८३० पर्यंत कबरींची संख्या ३३ हजारांवर गेली. नामवंतांचे चेहरे लावून प्लॉट विकण्याची कला बिल्डरांनी शोधलेली नाही.

तिकीट किती? वेळ काय?

प्रवेश मोफत. साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत सकाळी ८ ते संध्याकाळी ६, हिवाळ्यात साडेपाचपर्यंत. शनिवारी साडेआठला आणि रविवारी नऊला उघडते. बंद व्हायच्या पाऊण तास आधी शिरण्यात अर्थ नाही. रखवालदार बाहेर काढायला लागतात आणि दार लांब राहिलेलं असतं. जोराचा वारा सुटला तर झाडं पडण्याच्या भीतीने दफनभूमी बंद ठेवतात, त्यामुळे वादळी दिवशी आधी पॅरिस नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहून निघा.

कोणत्या स्टेशनवर उतरायचं?

‘पेर लाशेझ’ नावाचं मेट्रो स्टेशन आहे म्हणून बहुतेक जण तिथे उतरतात. तिथून बाजूच्या लहान दाराने आत जाता येतं, पण मग चढ चढावा लागतो. त्याऐवजी तीन नंबरच्या मेट्रोने पुढे ‘गाँबेता’ला उतरा. तिथलं दार टेकडीच्या माथ्यावर आहे. तिथून आत शिरून उतरत उतरत मुख्य दाराकडे यायचं आणि जवळच्या ‘फिलिप ओग्यूस्त’ स्टेशनवरून दोन नंबरची मेट्रो पकडायची. सोबत आई-बाबा असतील, गुडघ्यांची तक्रार असेल, तर दुसरा विचारच करू नका.

किती वेळ लागतो? नकाशा घ्यावा का?

तीन तास धरा. नकाशा हवाच. मुख्य दाराजवळच्या कचेरीत मिळतो, प्रवेशद्वारांवर मोठे फलकही आहेत. गाँबेताकडून शिरणार असाल तर निघण्यापूर्वी फोनवर उतरवून ठेवा. कबर शोधताना आधी विभागाचा आकडा पाहा, मगच नाव. आकडा कळला तरी विभागाच्या आत कबर चटकन सापडत नाही. पहिल्या ओळीच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, मध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा. टेकडीच्या वरच्या भागात रस्ते सरळ आणि काटकोनात आहेत. खालचा, जुना भाग वळणावळणांचा आहे, तिथे वाट चुकते. चुकू द्या.

एक सल्ला: तीस नावांची यादी घेऊन जाऊ नका. पाच-सहा नावं पुरेत. यादीवाली माणसं फोनकडे बघत पळताना दिसतात आणि दोन्ही बाजूंचं काहीच त्यांना दिसत नाही.

भारताशी संबंध असलेल्या कबरी कोणाच्या?

पहिली, जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांची. अनेकांना हे माहीत नसतं. जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्येच झाला आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं. आदल्याच वर्षी भारतरत्न मिळालं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूला उतरवणारा हा माणूस पॅरिसच्या टेकडीवर, कुटुंबाच्या थडग्यात विसावला आहे.

पण थबकायचं ते त्यांच्या आईसाठी. सुझान ब्रिएर फ्रेंच होत्या. रतनजी दादाभाई टाटांशी लग्न झाल्यावर मुंबईत त्यांचा नवज्योत, म्हणजे पारशी धर्मदीक्षेचा विधी झाला, नाव सूनी ठेवलं गेलं. आता त्या पारशी झाल्या की नाही? पारशी पंचायतीच्या ताब्यातल्या संस्थांवर, अगदी डुंगरवाडीच्या दोखम्यावरसुद्धा (पारशी मृतदेह ठेवतात तो मनोरा), त्यांचा हक्क आहे की नाही? यावरून मुंबई उच्च न्यायालयात मोठा खटला उभा राहिला. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांच्यासमोर त्याचा निकाल लागला आणि तो त्यांच्या बाजूने लागला नाही. जन्माने पारशी नसलेल्या व्यक्तीला धर्म स्वीकारूनही त्या न्यासांचा लाभ मिळणार नाही, असं ठरलं. पारशी कोण, या वादात तो निकाल आजही पुढे केला जातो. १९२३ मध्ये सूनीबाई फ्रान्समध्येच वारल्या. ज्यांच्या देहाला मुंबईत कुठे जागा मिळावी यावर न्यायालयात युक्तिवाद झाले, त्या इथे आहेत. मुंबईच्या माणसाने पेर लाशेझमध्ये एकच कबर पाहायची ठरवली तर मी संगीतकार शोपँची नाही, ही सांगेन.

नेहमीच्या पर्यटक नकाशावर टाटा हे नाव दिसलं नाही तर मुख्य दाराजवळच्या कचेरीत विचारा. नाव कागदावर लिहून दाखवलं की काम सोपं होतं.

दुसरी कबर अवधच्या राजमातेची, मलिका किश्वर यांची. इंग्रजांनी १८५६ मध्ये अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले. त्यांच्या आईने मात्र समुद्र ओलांडून थेट व्हिक्टोरिया राणीकडे दाद मागायचं ठरवलं. साताऱ्याच्या गादीसाठी लंडनमध्ये चौदा वर्षं खेटे घालणारे रंगो बापूजी आपल्याला ठाऊक आहेत. त्याच वाटेने, पडद्यात वावरणारी एक वृद्ध राणी मोठा लवाजमा घेऊन निघाली. ती तिथे असतानाच इकडे १८५७ चा उठाव पेटला आणि तिच्या अर्जाला उरलासुरला अर्थही राहिला नाही. परतीच्या वाटेवर, २४ जानेवारी १८५८ रोजी, पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाला. पेर लाशेझमध्ये तेव्हा नुकताच मुस्लिमांसाठी वेगळा भाग आखला होता. आजच्या ८५ व्या विभागात, त्या जागेवर, तिची कबर आहे. काही आठवड्यांतच तिचा धाकटा मुलगा लंडनमध्ये वारला, त्यालाही इथेच आणलं. पाहायला गेलात तर एक उघडा, झिजलेला दगडी चौथरा दिसेल. नाव शोधत बसू नका, चौथऱ्यावरूनच ओळखायची. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तची काळी चकचकीत कबर याच विभागात आहे. तिच्यापाशी माणसं असतात, इथे नसतात.

होमिओपॅथीचे जनक इथे आहेत हे खरं का?

खरं, आणि आपली तिसरी कबर हीच. सॅम्युएल हानेमान जन्माने जर्मन, पण आयुष्याची शेवटची वर्षं पॅरिसमध्ये गेली आणि २ जुलै १८४३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, तिथेच वारले. आधी मोंमार्त्रच्या दफनभूमीत होते, १८९८ मध्ये त्यांना इथे, १९ व्या विभागात आणलं. लालसर ग्रॅनाइटचं भलंमोठं स्मारक आहे. होमिओपॅथी खरी की खोटी हा वाद इथे नको, पण साबुदाण्यासारख्या गोळ्या खात मोठी झालेली आपली पिढी त्या स्मारकासमोर गेली की फोटो काढतेच.

प्रसिद्ध कबरींपैकी कोणत्या पाहाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात?

शोपँ (विभाग ११) पाहा. १८४९ मध्ये वारलेल्या या पोलिश संगीतकाराच्या कबरीवर आजही ताजी फुलं आणि लाल-पांढऱ्या फिती असतात. देह इथे आहे, हृदय मात्र त्याच्या इच्छेनुसार वॉर्साच्या एका चर्चमध्ये.

आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड (८९) गाँबेता दाराच्या जवळच आहे. जेकब एपस्टाइनने कोरलेली पंखांची आकृती खरोखर भव्य आहे. लिपस्टिक लावून तिचं चुंबन घ्यायची टूम इतकी वाढली की दगड खराब व्हायला लागला, आणि २०११ मध्ये भोवती काच बसवावी लागली. आता काचेवर ठसे असतात.

जिम मॉरिसन (६) सोडला तरी चालेल. अमेरिकेतला हा रॉक गायक ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमध्ये गेला. कबर लहान, मागच्या ओळीत, समोर कठडा आणि कठड्याला नेहमी गर्दी. त्याचा अर्धपुतळा १९८८ मध्ये चोरीला गेला होता, तो २०२५ मध्ये पोलिसांना दुसऱ्याच तपासात सापडला. ही गोष्ट कबरीपेक्षा जास्त रंजक आहे. तुम्ही त्याचे चाहते असाल तर अर्थातच माझं ऐकणार नाही.

पार्माँतिए (३९) मुलांना आवडतो. फ्रेंचांना बटाटा खायला शिकवणारा हा माणूस, म्हणून लोक त्याच्या थडग्यावर बटाटे ठेवून जातात. आणि इजिप्तची चित्रलिपी वाचणाऱ्या शाँपोलियोंच्या (१८) कबरीवर साहजिकच एक ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ आहे.

आलाँ कार्देकची (४४) कबर मात्र नक्की. आत्म्यांशी संवाद साधता येतो असं मानणारा पंथ त्याने काढला. ब्राझीलमध्ये त्याचे असंख्य अनुयायी आहेत. दगडी शिळांच्या मांडवाखाली अर्धपुतळा, भोवती फुलांचा ढीग. भक्त रांगेने येतात, दगडाला हात लावून डोळे मिटतात. आपल्याकडच्या माणसाला ते दृश्य अजिबात परकं वाटणार नाही.

व्हिक्टर न्वारच्या पुतळ्याला हात लावायचा असतो का?

असं ‘असतं’ वगैरे काही नाही. हा बाविशीच्या आतबाहेरचा पत्रकार १० जानेवारी १८७० रोजी तेव्हाचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या नातलगाच्या, प्येर बोनापार्तच्या गोळीने मेला आणि त्याची अंत्ययात्रा राजवटीविरुद्धचा प्रचंड मोर्चा ठरली. शिल्पकार दालूने तो कोसळला तसा, पाठीवर पडलेला, टोपी बाजूला घरंगळलेली, असा ब्राँझमध्ये ओतला. पुढे कोणीतरी समजूत पसरवली की पुतळ्याच्या विशिष्ट अवयवाला हात लावला की मूल होतं. तेवढाच भाग आज घासून सोन्यासारखा चमकतो. नवस बोलायला आपल्याकडे जागा कमी नाहीत. इथे जाऊन खून झालेल्या पोराचा चेहरा पाहा, तो फार सुरेख घडवलेला आहे.

‘फेडेरेंची भिंत’ म्हणजे काय?

दफनभूमीच्या आग्नेय कोपऱ्यातली, ७६ व्या विभागालगतची साधी दगडी भिंत. १८७१ च्या वसंतात पॅरिसच्या कामकरी वर्गाने शहराचा कारभार हाती घेतला होता, तो पॅरिस कम्यून. त्याचे सैनिक म्हणजे फेडेरे. सरकारी सैन्याने तो चिरडला. शेवटच्या चकमकी या थडग्यांच्या आडोशाने झाल्या. २८ मे १८७१ रोजी पकडलेल्या १४७ जणांना या भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या आणि तिथेच पुरलं. दर वर्षी मे महिन्यात डाव्या संघटना तिथे जमतात. समोरच कार्ल मार्क्सची मुलगी लॉरा आणि जावई पॉल लाफार्ग यांची कबर आहे.

शेजारच्या ९७ व्या विभागात नाझी छळछावण्यांमध्ये मारल्या गेलेल्यांची स्मारकं आहेत, प्रत्येक छावणीचं वेगळं. हाडांचे सापळे झालेल्या माणसांची शिल्पं आहेत, लहान मुलं बरोबर असतील तर आधी थोडं सांगून ठेवा. गायिका एदित प्याफ याच विभागात आहे, त्यामुळे तिचे चाहते या स्मारकांसमोरून चालत जातात.

घरचे म्हणतात, हौसेने स्मशानात जाऊ नये. सुतक, आंघोळ यांचं काय?

सुतक नात्याचं असतं. पाहायला गेलेल्या माणसाला ते लागत नाही. तरी मनाला बरं वाटत असेल तर हॉटेलवर आल्यावर आंघोळ करा, दिवसभर चालून आल्यावर ती तशीही करणारच. आपण समाध्यांना जातो, दर्ग्यांना जातो, ताजमहाल पाहायला तर नटूनथटून जातो. सासूबाईंना हे उदाहरण बहुधा पटतं. नाहीच पटलं तर त्यांना दाराबाहेरच्या कॅफेत बसवा आणि एका तासात परत या. आग्रह करू नका.

फुलं न्यावीत का?

जरूर. दारांबाहेर फुलवाले असतात. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा: फ्रान्समध्ये शेवंती हे कबरीचं फूल. १ नोव्हेंबरच्या ‘तूसाँ’ला, म्हणजे सर्व संतांच्या दिवशी, घराघरांतून लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन येतात आणि सगळी टेकडी पिवळी-जांभळी होते. म्हणून मलिका किश्वरच्या चौथऱ्यावर शेवंती ठेवलीत तर अगदी योग्य. तीच घेऊन संध्याकाळी फ्रेंच मित्राच्या घरी जेवायला गेलात तर यजमानांचा चेहरा बघण्यासारखा होईल. अगरबत्ती, दिवा, कापूर मात्र लावू नका.

फोटो काढता येतात का? अंत्ययात्रा समोर आली तर?

स्वतःपुरते फोटो चालतात. व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. अंत्यविधी चालू असेल तर फोन खिशात, आवाज बंद, आणि शक्यतो वाट बदला. ८७ व्या विभागातल्या घुमटाच्या इमारतीजवळ हे जास्त पाळायचं. ते दहनगृह आहे, फ्रान्समधलं पहिलं, १८८९ पासून सुरू आणि आजही चालू. सभोवतालच्या ओवऱ्यांमध्ये अस्थिकलशांचे हजारो कोनाडे आहेत. नर्तिका इझाडोरा डंकन तिथल्याच एका कोनाड्यात आहे. दहन आपल्याला नवं नाही, पण कॅथलिक फ्रान्समध्ये तेव्हा ते बंडखोरीचं लक्षण होतं.

आज इथे कोणाला जागा मिळते का?

मिळते, पण कमी आणि महाग. मुळात पॅरिसमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे मरण पावलेल्या माणसाला, नाहीतर आधीपासून कुटुंबाची जागा असेल तर. जागा ठरावीक वर्षांच्या कराराने किंवा कायमची घेता येते. ‘कायमची’ हेही सापेक्ष आहे. तीस वर्षांहून जुनी कबर कोणी न सांभाळता मोडकळीला आली, तर नोटीस लावून, मुदत देऊन नगरपालिका जागा परत घेऊ शकते. अस्थी इथल्याच अस्थिगृहात जातात. काही थडग्यांवर पिवळसर सूचनापत्रं चिकटवलेली दिसतात, ती वारसांना शोधणारी असतात.

वाटाड्या घ्यावा का?

नगरपालिकेचे आणि खासगी वाटाडे रीतसर नोंदणी करून मिळतात. बहुतेक फेऱ्या फ्रेंचमध्ये, काही इंग्रजीत. दारापाशी स्वतःहून सलगी करणारे ‘मी दाखवतो’वाले टाळा. बाहेर पैसे घेऊन नकाशे विकणारेही असतात, त्यांची गरज नाही.

खाणंपिणं, स्वच्छतागृह, पादत्राणं?

स्वच्छतागृहं मोजकी आणि दारांजवळ आहेत, आत शिरतानाच उरकून घ्या. थडग्यांवर डबा उघडून बसणं चालत नाही, पाण्याची बाटली असू द्या. जागोजागी बाक आहेत. रस्ते दगडगोट्यांचे, पावसात निसरडे. सपाट बुटांना पर्याय नाही. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची मोठ्या डांबरी रस्त्यांवर चालते, आतल्या वाटांवर नाही. भूक लागली तर मुख्य दारासमोरच्या रस्त्यावर बेकऱ्या आणि तुर्की सँडविचवाले आहेत. शाकाहारी मंडळींनी फलाफल मागावं.